पिंपरी कॅम्प आणि एम्प्लॉयमेंट कार्ड

लोणावळा लोकलने नेहमी जाणाऱ्याला स्टेशनं पाठ असतात. खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड... मग तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली आणि शेवटी लोणावळा. सुट्टीच्या दिवशी मावळात भटकायला जाताना मी हीच गाडी पकडतो आणि पिंपरीला अर्धा डबा रिकामा होताना बघतो. "कुठे उतरणार?" असं विचारलं तर लोक सांगतात, "कॅम्पात."

पुण्यात कॅम्प म्हटलं की आपल्याला लष्कर आठवतं. पिंपरीचा कॅम्प मात्र लष्करी नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ती वसाहत. आज तिथे कपड्यांपासून भांड्यांपर्यंत सगळं मिळतं, दिवाळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसते. आपल्यातले बरेच जण तिथे खरेदी करून आलेले असतात, पण घरदार सोडून आलेली माणसं इथे कामाला कशी लागली, हे फारसं कोणी विचारत नाही. मी थोडं खोदकाम केलं तर एक धागा थेट आपल्या आयटीआयपर्यंत आणि दुसरा पवना धरणाच्या तळापर्यंत पोचला. लेख जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी. फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले. सिंधचे झाले नाहीत, तो अख्खा पाकिस्तानात गेला. म्हणजे पंजाबी निर्वासिताला निदान अर्धा पंजाब उरला, बंगाल्याला अर्धा बंगाल उरला, सिंधी हिंदूंना मात्र आपला म्हणावा असा प्रांतच उरला नाही. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर लोंढेच्या लोंढे निघाले. दहा लाखांहून जास्त माणसं सिंध सोडून आली. त्यातली कितीतरी बोटीने मुंबईला उतरली.

यातली गंमत (गंमत म्हणजे दुःखच खरं तर) अशी की १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतल्या कॉलेजची पोरं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा द्यायची. म्हणजे अकरा-बारा वर्षांपूर्वी जो आपलाच प्रांत होता, त्यात ही माणसं आता निर्वासित म्हणून उतरत होती. देश नवा, भाषा नवी, आणि खिशात बहुधा काही नाही.

त्यांना ठेवायचं कुठे? दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या लष्करी बराकी रिकाम्या पडल्या होत्या. कल्याणजवळच्या पाच लष्करी छावण्यांमध्ये त्यांची सोय झाली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथल्या नव्या गावाची कोनशिला बसली आणि त्याचं नाव झालं उल्हासनगर. कोल्हापूरजवळ वळिवडेला आणि पुण्याजवळ पिंपरीलाही लोक आले.

छप्पर झालं, रेशन झालं. आता पुढे काय?

हा प्रश्न दिल्लीत बसलेल्यांनाही पडला होता. सप्टेंबर १९४७ मध्ये मदत आणि पुनर्वसनाचं वेगळं खातं निघालं, क्षितीशचंद्र नियोगी त्याचे पहिले मंत्री. सुरुवातीचे महिने अन्न, तंबू आणि लसी यातच गेले. पण महिनोन्महिने फुकट रेशन देणं सरकारला परवडत नव्हतं, आणि फुकटच्या रेशनवर जगणं घेणाऱ्यालाही आवडत नव्हतं. 'शरणार्थी' हा शब्द अनेकांना झोंबायचा. त्याऐवजी 'पुरुषार्थी' म्हणा, असा त्यांचा आग्रह असे.

पण कामाचं गणित सोपं नव्हतं. उत्तरेत झालं असं की पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांमध्ये विणकर, लोहार, न्हावी, शिंपी असे कारागीर खूप होते, आणि तिकडून आलेल्या हिंदू-शिखांमध्ये दुकानदार, सावकार, कारकून जास्त. सिंधी हिंदूंचंही तसंच. एक वर्ग आमिलांचा, म्हणजे शिकलेले, सरकारी नोकरीतले लोक. दुसरा भाईबंदांचा, म्हणजे व्यापारी, त्यातल्या हैदराबादच्या (सिंधमधलं हैदराबाद हं) काही पेढ्यांच्या शाखा परदेशांतल्या बंदरांत होत्या. आता तीस वर्षं पेढीवर बसलेल्या माणसाला तुम्ही काय काम देणार? आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट एक आणि आलेले रेझ्युमे भलतेच.

इथे आपला लोणावळा थोडासा डोकावतो. फेब्रुवारी १९४५ मध्ये लोणावळ्याच्या डोंगरात नौदलाची 'शिवाजी' ही संस्था सुरू झाली. जहाजावरची इंजिनं चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं तिथे तयार व्हायची. आजही होतात. युद्धाच्या काळात अशा जागी हजारो साधी पोरं मेकॅनिक झाली. पण १९४५ मध्येच दुसरा प्रश्न उभा राहिला. युद्ध संपलं की फौजेतून सुटलेल्या या सगळ्यांचं करायचं काय? त्यासाठी जुलै १९४५ मध्ये केंद्र सरकारने एक संचालनालय काढलं, पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय. काम दोन प्रकारचं: सुटलेल्या सैनिकांना आणि युद्धकारखान्यांतल्या कामगारांना नोकऱ्या शोधून देणारी कार्यालयं चालवायची, आणि त्यांना नागरी जीवनात उपयोगी पडतील असे धंदे शिकवायचे.

दोन वर्षांत फाळणी झाली आणि सैनिकांसाठी उभी केलेली ही यंत्रणा निर्वासितांच्या कामी आली. मग १९४८ च्या सुरुवातीला नोकरी शोधून देण्याची सोय सर्वांसाठी खुली झाली, आणि १९५० मध्ये प्रशिक्षणही सगळ्या नागरिकांसाठी खुलं झालं. आज आपण ज्याला आयटीआय म्हणतो, तिथे चालणारी फिटर, टर्नर, वेल्डर ही कारागीर प्रशिक्षण योजना १९५० चीच.

हे वाचलं तेव्हा मला मामाचं एम्प्लॉयमेंट कार्ड आठवलं. तुमच्याही घरी कोणाकडे तरी असेल बघा. दहावी-बारावी झाली की एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत उभं राहून नाव घालायचं, कार्ड घ्यायचं, ठराविक मुदतीत ते रिन्यू करायचं आणि कॉल येईल म्हणून पोस्टमनची वाट बघायची. आपल्या आईबाबांच्या पिढीने हे सगळं केलंय. १९५६ मध्ये ही कार्यालयं राज्यांच्या ताब्यात गेली. १९५९ मध्ये रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवणं बंधनकारक करणारा कायदा आला. २०१५ मध्ये त्याच कामासाठी नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल आलं. पण या सगळ्याचा पाया सैनिकांसाठी घातला गेला आणि त्यावर पहिला मजला चढला तो निर्वासितांचा. आपल्या धंद्यात एका क्लायंटसाठी घाईघाईत लिहिलेलं काहीतरी पुढे सगळ्यांसाठीचं प्रॉडक्ट होतं, तसंच हे.

याच काळातलं नीलोखेडीचं उदाहरण फार बोलकं आहे. हरयाणात (तेव्हाचा पूर्व पंजाब) कुरुक्षेत्राला निर्वासितांची प्रचंड मोठी छावणी होती. सुरेंद्रकुमार डे नावाच्या इंजिनियरने १९४८ मध्ये तिथलं धंदेशिक्षणाचं केंद्र जवळच्या दलदलीच्या जागी हलवलं आणि निर्वासितांनीच तिथे गाव उभं केलं. शिकायचं आणि शिकता शिकता स्वतःचंच गाव बांधायचं, असा तो प्रकार. १९५२ च्या गांधीजयंतीला देशभर जो सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे नीलोखेडीचा अनुभव होता. डे पुढे त्याच खात्याचे केंद्रीय मंत्री झाले.

आता कोणी म्हणेल, सरकारने एवढं सगळं केलं म्हणून सिंधी लोक उभे राहिले का? नाही हो, असं मुळीच नाही. एक्स्चेंजचं ऑफिस नोकरी शोधून देऊ शकतं, तयार करू शकत नाही. कल्याणच्या छावणीतली कितीतरी माणसं लोकलमध्ये बिस्किटं, गोळ्या, पापड विकत होती. पापड घरातल्या बायकांनी लाटायचे आणि पोरांनी डब्यातून ओरडत विकायचे. ही बिनभांडवली शाळा. ज्यांना थोडं मोठं काही करायचं होतं त्यांच्यासाठी १९४८ च्या कायद्याने निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देणारी एक वेगळी संस्था निघाली. मागे सोडलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा कायदा १९५४ मध्ये आला. म्हणजे मालमत्तेचा हिशोब होईपर्यंत काही वर्षं गेली, पण कामाचा हिशोब त्याआधीच सुरू झाला होता. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काम शोधण्याला महत्त्व का, हे बघायचं तर कोल्हापूरजवळचं वळिवडे बघावं. १९४३ मध्ये तिथे पोलंडचे निर्वासित आले, सुमारे पाच हजार, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सोव्हिएत रशियाने सैबेरियाकडे हद्दपार केलेली ही माणसं इराणमार्गे इथवर पोचली होती. वळिवड्याला त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. पण ते गाव वाट बघणाऱ्यांचं होतं. युद्ध संपलं की इथून जायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. १९४८ पर्यंत ते गेले, बरेचसे ब्रिटनला. ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा खास कायदाच केला होता, त्यात शिक्षणाची आणि कामाला लावण्याची तरतूद होती. इकडे रिकाम्या झालेल्या त्याच बराकींमध्ये सिंधी लोक आले. त्यांना परत जायला गावच नव्हतं. त्यांनी दुकानं मांडली. आज ते गाव गांधीनगर म्हणून ओळखलं जातं आणि पश्चिम महाराष्ट्रातले किती तरी दुकानदार घाऊक कापड घ्यायला तिथे जातात. भिंती त्याच होत्या, फरक एवढाच की दुसऱ्या खेपेला आलेली माणसं राहायला आली होती.

अलीकडे जर्मनीने हाच मुद्दा कायद्यात घातला. २०१५ च्या सुमाराला सीरियातून आणि इतर ठिकाणांहून लाखो लोक तिथे गेल्यावर २०१६ च्या कायद्याने ठरवलं की ज्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलाय, पण जो तीन वर्षांचं धंदेशिक्षण घेतोय, त्याला शिकेपर्यंत हाकलायचं नाही, आणि नंतर काम मिळालं तर आणखी दोन वर्षं राहू द्यायचं. शिकवायचं तर राहण्याची हमी द्यायला हवी, नाहीतर शिकणारा आणि शिकवणारा दोघंही मन लावत नाहीत.

आणि निर्वासितांनी नुसतं घेतलं असंही नाही. कराचीच्या कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या दोन खोल्यांत जयहिंद कॉलेज सुरू केलं. सिंध हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य कुंदनानी यांनी बॅरिस्टर होतचंद अडवाणींबरोबर वांद्र्याचं नॅशनल कॉलेज उभं केलं आणि त्यांच्याच संस्थेने पुढे थडोमल शहानी इंजिनियरिंग कॉलेज काढलं. चेंबूरची विवेकानंद एज्युकेशन सोसायटी १९६२ ची, तिचे संस्थापक हशू अडवाणीही सिंधमधून आलेले. आता मला सांगा, तुमच्या टीममध्ये थडोमलवाला किंवा व्हीईएसआयटीवाला एकही नाही असं होईल का? ज्यांना शिकवून कामाला लावायचं म्हणून सरकार धडपडत होतं, त्यांनी आपल्या अर्ध्या इंडस्ट्रीला शिकवलं.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता पिंपरीहून पुढे जाऊ. कामशेतला उतरायचं आणि पवनानगरची जीप पकडायची.

मावळाला पाणी भरपूर आणि मुंबईला वीज हवी, या समीकरणातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांची धरणं झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता तलावांच्या पाण्यावर १९१५ मध्ये खोपोलीत वीज तयार होऊ लागली. आंदर मावळात ठोकरवाडीचं धरण १९२२ चं. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच. स्वातंत्र्यानंतर पवना धरण आलं, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं. आज पिंपरी-चिंचवडची तहान मुख्यतः त्यावरच भागते. म्हणजे कारखान्यांनी आणि कॅम्पाने वाढलेलं शहर ज्या पाण्यावर उभं आहे, त्या पाण्याखाली मावळातल्या लोकांची शेतं आहेत.

या लोकांना कोणी निर्वासित म्हणत नाही, म्हणतात धरणग्रस्त. त्यांनी देश बदलला नाही, तालुकाही बदलला नाही. पण शेत गेलं म्हणजे धंदा गेला, हे दोघांचंही सारखंच. मग त्यांच्यासाठी कोणतं एक्स्चेंज होतं?

जमीन घेतली जायची ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. तो कायदा प्रामुख्याने विचारायचा की जमीन कोणाच्या नावावर, किती आणि तिची किंमत काय. तुला काय काम येतं, उद्या काय करणार, हे त्यात कुठेच नव्हतं. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, असा शेतमजूर तर हिशोबातच धरला जात नव्हता. महाराष्ट्राने धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला १९७६ मध्ये, पवना भरल्यानंतर. देशातला असा पहिला कायदा म्हणून त्याचं कौतुक होतं आणि ते योग्यही आहे. पुढे सरकारी नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के आरक्षण आलं. पण आरक्षण म्हणजे दाराशी राखून ठेवलेली जागा. त्या दारापर्यंत पोचायला जे शिकावं लागतं, त्याची तजवीज वेगळी करावी लागते.

पवना धरणात जमीन गेलेले १२०३ खातेदार. त्यातल्या ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली आणि उरलेल्या ८६३ जणांचा प्रश्न पुढे अनेक दशकं लोंबकळत राहिला. १२०३ हा आकडा आपल्या हिंजवडीतल्या एका बिल्डिंगच्या हेडकाउंटपेक्षा कमी असेल. दहा लाखांसाठी यंत्रणा उभी करणाऱ्या देशाला हे जमण्यासारखं नव्हतं असं कोणी म्हणू शकेल का?

तुलना पूर्ण न्याय्य नाही, हे मान्य. निर्वासितांची संख्याच एवढी मोठी होती की दुर्लक्ष करणं सरकारला शक्य नव्हतं. त्यांच्यात शिकलेले, अर्ज करू शकणारे, धंदा माहीत असलेले लोक होते. मावळातला शेतकरी भातखाचर सोडून कधी दुसऱ्या धंद्यात गेला तर तो नात्यागोत्याच्या वाटेने. मुंबईचे डबेवाले बघा, मावळ-मुळशी-खेड-जुन्नरकडचे. एकाने दुसऱ्याला, चुलत्याने पुतण्याला नेलं. हेही एक एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच, फक्त त्याला ऑफिस नाही. पण अशा वाटेने एका वेळी एक-दोन माणसं जातात, अख्खं गाव जात नाही.

९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या बंद जलवाहिनीच्या विरोधात मावळातले शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन जण गेले. टीव्हीवर तेव्हा पाणी, पाइपलाइन, राजकारण असं बरंच बोललं गेलं. मला मात्र त्यामागे चाळीस वर्षांपूर्वी न विचारलेला प्रश्न दिसतो. ज्याचं एकदा गेलंय आणि त्याबदल्यात पुरेसं काही उभं राहिलेलं नाही, तो दुसऱ्यांदा सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

आज पवनेच्या काठाला आपण तंबूत राहायला जातो. रात्री बार्बेक्यू, सकाळी पोहे, इन्स्टाग्रामवर सूर्योदय. तंबू ठोकणारी, पोहे करणारी, फार्महाउसवर राखण करणारी माणसं बरीचशी आसपासच्या गावांतलीच. काहींनी स्वतःचा धंदा चांगला उभा केलाय आणि तो बघून आनंद होतो. हे त्यांनी आपल्या हिमतीवर केलं, कॅम्पातल्या पापडवाल्यांसारखंच. फरक एवढाच की कॅम्पातल्यांच्या मागे थोडाफार कर्जाचा, शिक्षणाचा आणि नोंदणीचा टेकू होता, आणि त्यामुळे एका पिढीत दुकान उभं राहिलं. टेकू नसेल तर त्याच हिमतीला दोन-तीन पिढ्या लागतात.

रिंग रोड, विमानतळ, नवे एमआयडीसी... पुण्याभोवती येत्या काळात बरीच माणसं हलणार आहेत. 'पॅकेज' हा शब्द आपल्याला दोन अर्थांनी माहीत आहे, नोकरीचं आणि भरपाईचं. पेपरात दुसऱ्या प्रकारच्या पॅकेजची बातमी आली की मी आता एकरी दराच्या पुढचा परिच्छेद शोधतो. या माणसाला सोमवारी सकाळी कुठल्या कामाला जायचंय आणि ते काम त्याला कोण शिकवणार, याबद्दल त्यात काही आहे का? १९४५ ते १९५० मध्ये, तिजोरी रिकामी असताना आणि देश जळत असताना, आपल्या सरकारने हा प्रश्न विचारला होता. उत्तरं अर्धीमुर्धी होती, पण प्रश्न बरोबर होता.

असो. मामाला फोन करून विचारलं, कार्ड अजून ठेवलंय का? म्हणाला, "आहे की. कॉल नाही आला अजून."